लघवीतून हवा येते, मग ऑपरेशन आतड्याचं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचे पती ३६ वर्षांचे, आठ वर्षांपासून क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या जुनाट आजाराचे, रुग्ण. गेल्या सात महिन्यांत त्यांना चार वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं. दर वेळी अँटिबायोटिक्सनं बरं वाटलं आणि कोर्स संपून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच पुन्हा जळजळ, थंडी, ताप. मग एका रात्री त्यांनी तुम्हाला सांगितलं की लघवी होताना शेवटी शेवटी बुडबुडे येतात, हवा सुटल्यासारखा आवाज होतो, आणि हे तीन महिन्यांपासून चाललंय. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला चिकटलेला दिसला, आतडं तिथं अरुंद झालेलं, आणि मूत्राशयात हवा. सर्जननी आतड्याचा तो भाग काढायला सांगितलाय, पोटावर पिशवी लावावी लागू शकते असंही म्हणालेत. तुमचे प्रश्न चार आहेत: हे औषधांनी बरं होणार नाही का, पिशवी जन्मभराची असते का, आजार पुन्हा येणारच असेल तर पोट कशाला फाडायचं, आणि मुलीची परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे दोन महिने, थांबलं तर चालेल का.

सगळ्यात आधी त्या तीन महिन्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्याचाच राग जास्त आहे. त्यांनी सांगितलं नाही, हे खरं. पण क्रोन्सच्या माणसाला आयुष्यभर शौचाबद्दल बोलावं लागतं. किती वेळा, पातळ की घट्ट, रक्त पडतं का, रात्री उठावं लागतं का. त्यात आणखी एक विचित्र, लाज वाटणारी गोष्ट सांगायचा जीव होत नाही. आणि विचारायला आम्ही डॉक्टर तरी कुठे विचारतो? ‘लघवीतून हवा येते का?’ हा प्रश्न क्रोन्सच्या प्रत्येक रुग्णाला, लघवीचं इन्फेक्शन दुसऱ्यांदा झालं की लगेच विचारायला हवा. पुरुषांना वारंवार इन्फेक्शन होणं मुळात नेहमीचं नाही. त्यात लघवीतल्या जंतूंच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, रिपोर्टवर एकाच वेळी दोन-तीन जातींचे जंतू आले तर आतड्यातलं काहीतरी मूत्राशयात जातंय का, हे बघायलाच हवं. काही दिवसांपूर्वी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेला असेल तर मूत्राशयात थोडी हवा राहू शकते. तसं काही झालेलं नसेल, तर ‘हवा येते’ या दोन शब्दांत निम्मं निदान झालेलं असतं. त्यांनी ते सांगितलं म्हणून स्कॅन झाला. त्यांना रागावू नका.

आता हे होतं कसं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दुसऱ्या आजारात सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते. क्रोन्सची सूज आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी व्यापते, अस्तरापासून बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत. वर्षानुवर्षं सूज येते, उतरते, भरताना व्रण आकसतात आणि आतड्याचा तो भाग अरुंद होत जातो. अन्नरस पुढे सरकायला जागा कमी, मागून दाब जास्त. तुंबलेलं पाणी जशी फट शोधतं, तसं या दाबाखाली खोल गेलेला एखादा व्रण भिंतीतून वाट काढतो. शरीर त्याला अडवायला शेजारचं जे हाती लागेल ते तिथं आणून चिकटवतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग पोटात उजवीकडे खाली असतो आणि त्याचा एखादा वेढा मूत्राशयाच्या माथ्यावर टेकलेला असतो. मग ती वाट मूत्राशयात उघडते. हाच फिस्टुला. क्रोन्सच्या मोजक्याच रुग्णांना मूत्राशयाचा फिस्टुला होतो, म्हणून तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

यावरून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. मूत्राशयाचा इथं काहीही दोष नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालंय. लघवीच्या इन्फेक्शनची औषधं घेत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. औषधं जंतू मारतात, पण आतड्यातून रोज नवे जंतू येत असतात. तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर जळजळ आणि ताप आला, त्यांनी त्यावर औषध दिलं.

औषधांनी हे बरं होत नाही का? काहींचं होतं, आणि हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. इन्फ्लिक्सिमॅब हे क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मान्यता मिळालेलं औषध, आणि त्यानंतर आलेलं अडॅलिमुमॅब, यांनी काही रुग्णांचे मूत्राशयाचे फिस्टुलाही मिटलेले आहेत. आतडं पुढे फारसं अरुंद नसेल, आत पू साठलेला नसेल आणि इन्फेक्शन डोकं वर काढत नसेल, तर आधी हा प्रयत्न करणं योग्य. पण तुमच्या यजमानांच्या स्कॅनमध्ये आतडं अरुंद झालंय, मागचा भाग फुगलाय असं तुम्ही लिहिलंय. सूज औषधानं उतरते, घट्ट झालेला व्रण औषधानं सैल होत नाही. पुढचं दार अर्धं बंद असताना मागची फट बुजत नाही, बुजली तरी दाबानं पुन्हा उघडते. त्यातून सात महिन्यांत चार इन्फेक्शन. तुमच्या सर्जननी सांगितलं ते मलाही पटतं.

‘औषधं हरली म्हणून ऑपरेशन’ असं तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. ते मनातून काढून टाका. लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्याच भागात आजार आहे, आतडं फारसं अरुंद झालेलं नाही, अशा रुग्णांवर एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. अर्ध्या जणांना इन्फ्लिक्सिमॅब दिलं, अर्ध्यांचा तो भाग दुर्बिणीतून काढला. वर्षानंतर दोन्हीकडच्यांचं रोजचं जगणं सारखंच सुधारलं होतं. त्या रुग्णांना तुमच्या यजमानांसारखी गुंतागुंत नव्हती, तरीही ऑपरेशन त्यांना औषधांइतकं मानवलं. गुंतागुंत झाल्यावर तर त्याचं पारडं आणखी जड होतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, ते सांगते, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. पोटात गेल्यावर आजारी आतडं ओळखू येतं. निरोगी आतडं गुलाबी, मऊ, ओल्या रेशमासारखं हातातून सरकतं. क्रोन्सचं आतडं लालसर, जाड, होजपाइपसारखं कडक लागतं, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यातली पिवळी चरबी बोटांसारखी वर सरकत त्याला कवटाळून बसलेली असते. मी डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवते. आतड्याची पडद्याकडची कड चिमटीत धरून हळूहळू पुढे जायचं. जिथं ती कड पुन्हा पातळ आणि मऊ लागते, तिथं आजार संपला. मग मूत्राशयाला चिकटलेला भाग अलगद सोडवायचा. बऱ्याचदा नुसत्या बोटांच्या चिमटीनं तो सुटतो. मूत्राशयातलं भोक इतकं बारीक असतं की कधी कधी सापडतच नाही. निळा रंग मिसळलेलं पाणी कॅथेटरमधून भरलं, तर कुठं निळा थेंब उमटतो का ते दिसतं. सापडलं तर दोन-चार विरघळणारे टाके, नाही सापडलं तर नुसता कॅथेटर. मूत्राशय फार समजूतदार अवयव आहे. त्याला थोडे दिवस रिकामं ठेवलं की तो स्वतःच भरून येतो. त्यामुळे ‘मूत्राशय कापणार का’ या तुमच्या भीतीचं उत्तर, नाही. कॅथेटर साधारण एक ते दोन आठवडे राहतो. भोक मोठं असेल तर तो काढण्याआधी मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढतात, गळती नाही ना ते बघायला.

आतडं मात्र काढावं लागतं, पण जेवढं आजारी आहे तेवढंच. पूर्वी सर्जन आजाराच्या पुढेमागे लांबवर निरोगी आतडंही कापत, म्हणजे आजार परत येणार नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांचं आतडं दिसणाऱ्या आजारापासून २ सेंटीमीटरवर कापलं आणि काहींचं १२ सेंटीमीटरवर. जास्त कापून फायदा झाला नाही. तेव्हापासून आम्ही एकेक सेंटीमीटर राखून ठेवतो. मोठ्या माणसाचं लहान आतडं कित्येक मीटर असतं. साधारण दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर पोषणाची खरी अडचण सुरू होते. तुमच्या यजमानांचं पहिलंच ऑपरेशन आहे, आजार एकाच जागी आहे, तिथून ते फार लांब आहेत. ज्यांच्या आतड्याला चार-पाच ठिकाणी अरुंदपणा असतो, त्यांचं आम्ही आतडं न काढता फक्त रुंद करतो. अरुंद जागा लांबीत चिरायची आणि आडवी शिवायची.

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना हाच आजार होता. जून १९५६ मध्ये आतडं अडल्यामुळे त्यांचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. त्या काळी आजारी भाग आत तसाच ठेवून अन्नरसाला वळसा घालून पुढे नेत. आता आम्ही ते टाळतो, कारण आत राहिलेल्या त्या भागात पू होतो आणि पुढे कधी कर्करोगही. पण रुग्ण ‘आता माझं संपलं’ म्हणाला की मला ते ५६ साल आठवतं.

पिशवीबद्दल. दोन टोकं जोडली की तो जोड सुकायला हवा. पोटात पू असेल, रुग्ण खंगलेला असेल, स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल, ऑपरेशन रात्री-बेरात्री घाईत करावं लागलं असेल, तर जोड सुटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी आतड्याचं तोंड काही महिने पोटावर उघडून ठेवतात. अशी पिशवी बहुतेक वेळा तात्पुरती असते. सहसा तीन महिने किंवा त्याहून थोडं जास्त थांबून, वजन आणि रक्त सुधारल्यावर, आतडं पुन्हा जोडून देतात. कायमची पिशवी लागते ती मुख्यतः गुदाशय किंवा गुदद्वार आजारानं पार खराब झालेलं असेल तेव्हा, आणि तुमच्या यजमानांना तो त्रास नाही.

तरी ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्सला, म्हणजे पिशवीचं सगळं बघणाऱ्या नर्सला, भेटाच. ती त्यांना उभं करील, बसवील, पुढे वाकायला सांगेल, पँटचा पट्टा कुठं येतो ते बघेल आणि पेननं पोटावर एक खूण करील. ती खूण घडीत किंवा हाडाजवळ आली तर पिशवी गळते, माणूस हैराण होतो. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या पोटावर आम्हाला त्या घड्या दिसत नाहीत. पिशवी लागलीच नाही तर खूण धुऊन निघेल. आणि लागली, अन् पुढे तिच्याभोवती जांभळ्या कडांची, विलक्षण दुखणारी जखम झाली, तर ती लगेच दाखवा. या आजारात त्वचेवर असे व्रण उठतात. ते इन्फेक्शन समजून कुणी खरवडले तर आणखी पसरतात. त्यांना औषधं लागतात, चाकू नाही.

आजार पुन्हा येतो का? ऑपरेशननं क्रोन्स मुळापासून जात नाही. औषध न घेता राहिलं तर वर्षभरात बहुतेकांच्या जोडापाशी दुर्बिणीतून बारीक व्रण दिसायला लागतात. त्रास मात्र त्यानंतर बऱ्याच काळानं होतो, काहींना वर्षानुवर्षं होत नाही. या मधल्या काळात आपण हातपाय हलवायचे. ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभरात कोलोनोस्कोपी करून, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून, जोड बघायचा, त्याप्रमाणे औषध सुरू करायचं किंवा बदलायचं. ‘आता बरं वाटतंय, कशाला ती नळी?’ असं ते म्हणतील. ऐकू नका. बी-१२ ची पातळीही तपासत राहा, कारण ते शोषणारा भाग नेमका हाच असतो. ऑपरेशननंतर जुलाब झाले तर आजार उलटला म्हणून घाबरू नका. पित्तरस परत शोषला न गेल्यानंही ते होतात, आणि त्यावर वेगळं, साधं औषध आहे.

ते सिगारेट ओढतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी कोपऱ्यात लिहिलंय. ती कोपऱ्यातली गोष्ट नाही. क्रोन्समध्ये ऑपरेशननंतर आजार परत आणणाऱ्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्यात सिगारेट पहिली. मी दुसऱ्या कुठल्याच सल्ल्यासाठी इतका आग्रह धरणार नाही.

आता तुमचा चौथा प्रश्न, दोन महिन्यांचा. तुम्ही तो भीत भीत विचारलाय, पण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. आतडं अडलेलं नसेल, पोटात पू नसेल, किडनी सुजलेली नसेल, तर सहा-आठ आठवडे थांबता येतं. उलट ते लागतातच. घाईघाईत टेबलावर आलेला खंगलेला रुग्ण आणि तयारी करून आलेला रुग्ण, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं असेल किंवा रक्तातलं ॲल्ब्युमिन हे प्रथिन ३ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर आधी पोषण. त्यांचं वजन ६८ वरून ५९ किलो झालंय, म्हणजे ते यात बसतात. आहारतज्ज्ञांना विचारून चार ते सहा आठवडे पूर्ण पोषण देणारं द्रव अन्न घेता येईल का, ते बघा. त्यानं वजन सावरतं, सूजही उतरते. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर कित्येक आठवडे चालू असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उतरवत आणायचं. स्वतःच्या मनानं एका दिवशी बंद करायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं. या आजारात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा ऑपरेशननंतर घरी गेल्यावरही साधारण महिनाभर गुठळी होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यायची का, हे आत्ताच विचारून ठेवा.

थांबायचं, पण डोळे उघडे ठेवून. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आवर्जून बघून घ्या. उजवी मूत्रवाहिनी त्या सुजलेल्या आतड्याच्या अगदी मागून जाते. सूज तिला दाबते आणि किडनी फुगत जाते, तीसुद्धा मुतखडा नसताना, काही न दुखता. तसं असेल तर दोन महिने थांबता येणार नाही.

दुसरी खूण चालण्यातली. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे लंगडत आला. महिनाभर त्याच्या कंबरेवर आणि खुब्यावर उपचार चालू होते. मी त्याला झोपवून उजवा पाय सरळ करायला सांगितला, तो करू शकला नाही. पोटाशी घेतला की बरं वाटायचं. त्याचा खुबा ठणठणीत होता. आतड्यातून झिरपलेला पू पाठीच्या कण्याजवळून मांडीकडे जाणाऱ्या स्नायूत साठला होता. आधी सीटी बघून सुईनं नळी घातली, पू काढला, अँटिबायोटिक्स दिली, आणि काही आठवड्यांनी तो चांगला खाऊ-पिऊ लागल्यावर आतड्याचं ऑपरेशन केलं. त्याला पिशवी लागली नाही. तो लंगडत आला त्याच रात्री पोट उघडलं असतं, तर बहुधा लागली असती.

तेव्हा हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, पाय सरळ होईना, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि गॅसही सरेना, तर परीक्षा असो की आणखी काही, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा. आतडं पोटात फुटणं क्रोन्समध्ये क्वचितच होतं. पण स्टेरॉइड चालू असताना ते झालं तर पोट हवं तसं कडक होत नाही, दुखणंही दबून राहतं. अशा वेळी ‘फार दुखत नाही’ यावर विसंबू नका. माणूस गळून गेलाय, नाडी जोरात चाललीये, एवढं दिसलं तरी पुरे. आणि तिथं पोचल्यावर कुणी विचारायची वाट न बघता पहिल्या वाक्यात सांगा: यांना क्रोन्स आहे, मूत्राशयाचा फिस्टुला आहे, आणि स्टेरॉइड चालू असेल तर तेही.

यातलं काही झालं नाही, तर परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या. पण ती तारीख आजच घ्या, आणि तिच्या आधीचे आठवडे वजन, रक्त, सिगारेट आणि स्टोमा नर्सची भेट यांसाठी वाटून घ्या. हे पत्र त्यांना वाचायला दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर द्या. सर्जनकडे पुढच्या वेळी जाल, तेव्हा बुडबुड्यांचं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, कधीपासून आणि किती वेळा, आणि लघवीत कधी मळ दिसला का, तेही.